खासगी गाडी आणि खासगी रान: मसाई मारामधला नेहमीचा घोळ

केनियातल्या मसाई मारात तीन-चार दिवसांची ‘प्रायव्हेट सफारी’ ठरवली, गर्दी टाळण्यासाठी चार पैसे जास्त मोजले, असे सांगणाऱ्यांचे कोटेशन पाहिले की बहुतेक वेळा एकच गोष्ट आढळते: त्यांनी खासगी गाडी घेतलेली असते आणि ती गाडी जाणार असते ती सर्वांसाठी खुल्या असलेल्या रानात. शांतता मिळते ती रानाच्या नियमांमुळे, गाडीतल्या मोकळ्या जागांमुळे नव्हे. टूर विकणारे हा घोळ मिटवण्याच्या भानगडीत पडत नाहीत, कारण तो त्यांच्या सोयीचा असतो.

खासगी गाडीबद्दल फारसे सांगायला नको. ताडोब्यात आख्खी जिप्सी आपल्या कुटुंबासाठी घेतली म्हणून मोहर्लीच्या गेटवरची रांग कमी होत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. मारामध्येही तेच. तंबू, बिछाने, जेवण यांत खुल्या आणि खासगी रानांत सांगण्यासारखा फरक नाही, आणि शाकाहारी जेवण आधी कळवले तर कुठेही मिळते.

खरा फरक जमिनीचा आहे. मसाई मारा नॅशनल रिझर्व्ह हे सुमारे 1510 चौरस किलोमीटरचे रान नारोक काउंटीच्या अखत्यारीत येते. प्रवेशशुल्क भरणारा कोणीही, कोणत्याही कंपनीची गाडी घेऊन आत येऊ शकतो. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा ही वेळ, रस्ता सोडून गाडी घालायची नाही, पायी फिरायचे नाही, रात्रीची सफारी नाही. एका प्राण्यापाशी पाचच गाड्या हा नियम तिथेही आहे, पण हंगामात तो पाळला जातोच असे नाही. तलेक नदीच्या बाजूला चित्त्याची मादी पिल्लांसह दिसली, की वायरलेसवर स्वाहिलीत खबर फिरते आणि पाहता पाहता छत वर उचललेल्या व्हॅनचा वेढा पडतो; त्या वेढ्यात तुमची गाडी खासगी असली, तरी चित्त्याच्या दृष्टीने ती आणखी एक गाडी असते.

रिझर्व्हच्या उत्तरेला आणि पूर्वेला नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ, ओल किन्येई या कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे खासगी मालकीची राखीव राने आहेत. ही जमीन सरकारची नाही, गुरे पाळणाऱ्या मसाई समाजातल्या कुटुंबांची आहे. पूर्वीच्या सामाईक कुरणांची वाटणी होऊन प्रत्येक कुटुंबाच्या नावावर तुकडा आला, तेव्हा जो तो कुंपण घालील आणि प्राण्यांच्या वाटा बंद होतील अशी धास्ती होती. त्याऐवजी शेजारच्या मालकांनी आपापले तुकडे एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाडेपट्ट्याने दिले. साधारण 2005 नंतर ही पद्धत मारामध्ये रुजली आणि 2013 च्या वन्यजीव कायद्याने कॉन्झर्व्हन्सींना मान्यता दिली. भाडे ठरलेले असते आणि ते कुटुंबांच्या हाती जाते. मोबदल्यात तिथे घरे बांधायची नाहीत आणि गुरे ठरवून दिलेल्या भागातच चारायची. त्यामुळे सफारीत गाई दिसल्या म्हणून तक्रार करणाऱ्यांना आपण कुठे आलो आहोत हेच कळलेले नसते.

गर्दी आवरली जाते ती इथे. ओलारे मोटोरोगीत साधारण 700 एकरांमागे एक तंबू असे प्रमाण आहे, आणि आत फिरण्याची परवानगी तिथल्या कॅम्पमध्ये उतरलेल्यांनाच असते. पाच गाड्यांची मर्यादा इथे खरोखर पाळली जाते. सहावी लांब थांबते आणि एक निघाली की मग पुढे येते. वाटाड्याबरोबर पायी फिरता येते. रात्री लाल काच लावलेल्या दिव्याच्या उजेडात गवतातून दोन पायांवर उड्या मारत जाणारा स्प्रिंगहेअर किंवा झाडावरचा बुशबेबी हा छोटा निशाचर प्राणी दिसू शकतो, जे रिझर्व्हच्या पाहुण्याला पाहायला मिळणे कठीण.

गंमत अशी, की या खासगी रानात गाडी बहुधा सामाईक असते. कॅम्पची उघडी लँड क्रूझर, कॅम्पचाच वाटाड्या, आणि सोबत दुसरे पाहुणे. नैरोबीहून भाड्याने आणलेली व्हॅन इथल्या सफारीसाठी सहसा चालत नाही. ती कॅम्पवर उभी राहते आणि तिचे भाडे चढत राहते. म्हणून ज्यांच्या हाताशी तीनच दिवस आहेत, त्यांनी व्हॅनचा नाद सोडून नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने कॉन्झर्व्हन्सीच्या धावपट्टीवर उतरावे आणि अनोळखी चौघांबरोबर एका गाडीत बसावे, असे माझे ठाम मत आहे. लहान मुले किंवा भलामोठा कॅमेरा बरोबर असेल, तर कॅम्पचीच गाडी जादा पैसे देऊन स्वतंत्र घ्यावी.

नावांवर मात्र विसंबू नका. मारा कॉन्झर्व्हन्सी नावाची संस्था 2001 पासून ज्या मारा ट्रँगलची व्यवस्था पाहते, तो रिझर्व्हचाच पश्चिमेकडचा भाग आहे. शिस्त तिथे बरी आहे, पण ते खासगी रान नव्हे. रिझर्व्हच्या सेकेनानी गेटबाहेरच्या लॉजलाही ‘मारामधला कॅम्प’ म्हटले जाते. टूर ऑपरेटरला एवढेच विचारा, की कोटेशनमधले शुल्क रिझर्व्हच्या प्रवेशाचे आहे की कॉन्झर्व्हन्सीचे, आणि कॉन्झर्व्हन्सीचे असेल तर कोणत्या.

रिझर्व्ह टाळूच नये असा एकच प्रसंग आहे: जुलै ते ऑक्टोबरमध्ये विल्डबीस्ट या कुरंगांचे कळप मारा नदी ओलांडतात ते मुख्य घाट रिझर्व्हमध्ये आहेत. कॉन्झर्व्हन्सीतून एका दिवसासाठी तिकडे जाता येते, पण त्याचे शुल्क वेगळे पडते. 2024 पासून परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबरमध्ये ते दिवसाला 200 डॉलर आहे, वर्षाच्या पहिल्या सहामाहीत 100. ते पॅकेजमध्ये धरले आहे का, हे पैसे भरण्याआधी लेखी मागून घ्या.