काटा जास्त दाखवतो, म्हणून रनिंगही खोटं का?

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावचे एक काका मोटारसायकल घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले. ऑइल बदलायचं होतं, पण मनात दुसरंच होतं. “भाऊ, काटा साठ दाखवते अन् पोराचा मोबाईल पंचावन. म्हंजे मीटर फेकते. मंग माहं बासष्टचं ॲव्हरेज बी सत्तावनच धरा लागन ना?”

काकांचं गणित चोख होतं. ६० चे ५५ झाले, त्याच प्रमाणात ६२ चे ५७. पण मीटरच्या एका डब्यात दोन वेगळी कामं चालतात आणि त्यांनी दोन्ही एकच धरली होती. काटा वेग दाखवतो, खालचे आकडे अंतर मोजतात, ज्याला आपण रनिंग म्हणतो. दोघांना खबर एकाच वायरीतून मिळते, पण वाचायची रीत वेगळी. म्हणून एक चुकला की दुसराही चुकलाच, असं होत नाही.

वायरवाल्या गाडीत पुढच्या चाकाच्या ड्रम प्लेटमध्ये मीटर गरारी, म्हणजे लहानसं दातेरी चाक असतं. पुढचं चाक फिरलं की ही गरारी वायरीच्या आतली तार फिरवते. १८ इंची रिमवर ८०/१०० चा टायर असेल तर एका फेऱ्यात गाडी साधारण १.९४ मीटर पुढे जाते, म्हणजे किलोमीटरला ५१५-५१६ फेरे. तारेचं दुसरं टोक मीटरमध्ये शिरतं आणि तिथून वाटा फुटतात.

आकड्यांची वाट सोपी आहे. बारीक दातेरी चाकांची रांग तारेचे फेरे मोजते आणि ठरावीक फेऱ्यांनंतर आकडा पुढे सरकवते. दाताला दात लागलेला असतो, त्यात अंदाज नाही. उन्हाळा असो की थंडी, गाडी नवी असो की वीस वर्षांची, तेवढ्या फेऱ्यांना तेवढाच आकडा.

काट्याची वाट मात्र मला आजही सुंदर वाटते. तारेच्या टोकाला लोहचुंबक फिरतं, आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते. दोघं एकमेकांना शिवत नाहीत. फिरत्या चुंबकामुळे वाटीच्या धातूत वीज घुमू लागते आणि ती वाटीला सोबत ओढते. चुंबक जितकं जोरात फिरेल, तितकी ओढ जास्त. वाटीच्या दांड्याला केसासारखी स्प्रिंग असते, ती वाटीला मागे धरून ठेवते. ओढ आणि स्प्रिंग जिथे बरोबरीत येतात तिथे काटा थांबतो. जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ साली या युक्तीचं पेटंट घेतलं, आणि आपल्याकडच्या किती तरी गाड्या अजून तिच्यावरच धावतात.

पण ओढीचा तोल म्हणजे दातांची मोजणी नव्हे. चुंबक वयानुसार कमजोर झालं तर काटा कमी दाखवतो, स्प्रिंग ढिली पडली तर जास्त. धातू तापला की त्यातून वीज कमी वाहते, म्हणून आपल्या मे महिन्याच्या ४५ अंशांत काटा खाली बसायला पाहिजे. तसं होऊ नये म्हणून चुंबकापाशी वेगळ्या मिश्रधातूची पट्टी लावतात, ती बराचसा फरक भरून काढते.

आणि वरून कंपनी काटा मुद्दाम पुढे ठेवते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला ३९ क्रमांकाचा नियम अनेक देश पाळतात. तो म्हणतो, मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाचा दहावा भाग आणि वर ४ किलोमीटर, इथपर्यंत चालेल. खरा वेग ५५ असेल तर काटा साडेचौसष्टपर्यंत गेला तरी त्या चौकटीत बसतो. मला हा नियम पटतो. जास्त दाखवणारा काटा माणसाला जरा हळू चालवायला लावतो. ६० समजून ७० ने जाणाऱ्याला मात्र समोर कापसाची ट्रॅक्टर-ट्रॉली आली की ब्रेक लावायला जागा उरत नाही. आकड्यांना अशी जास्तीची भर घालायची गरजच नसते. डिजिटल मीटरमध्येही तसंच: सेन्सरचे ठोके तेच, पण वेग दाखवताना त्यात थोडी वाढ धरलेली असते, अंतर मोजताना ठोके सरळ मोजले जातात.

काकांना हे तोंडी पटेना, म्हणून आम्ही दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर सकाळी लवकर गेलो. ते मागे बसले, हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. काटा ६० वर धरून किलोमीटरच्या दगडांपासून दगडांपर्यंत दहा किलोमीटर. एका दगडावर भरवसा ठेवू नये, पूल किंवा नाला आला की दगड थोडा इकडेतिकडे रोवलेला असतो. दहा घेतले की ती चूक विरते. वेळ लागला १० मिनिटं ५५ सेकंद, म्हणजे ६५५ सेकंद. दहा किलोमीटर गुणिले तासाचे ३,६०० सेकंद म्हणजे ३६,०००, त्याला ६५५ ने भागा: वेग ५५. मोबाईल खरं सांगत होता. आणि रनिंग? १०.१. काटा नऊ टक्के पुढे, आकडे जेमतेम एक टक्का.

तो एक टक्का कुठून आला, तर टायरमधून. नक्षी ४ मिलिमीटर झिजली की या मापाच्या टायरचा घेर सव्वा टक्क्याने कमी होतो. तेवढ्याच रस्त्याला चाक जास्त फेरे घेतं आणि आकडे जास्त पळतात.

कोणाची चूक कुठली, हे ओळखायची माझी पद्धत यावरच आहे. बिघाड चाकाकडे असेल तर काटा आणि आकडे दोन्ही एकत्र चुकतात. मीटरच्या आत असेल तर बहुतेक एकच. काटा थरथरतो पण रनिंग बरोबर भरतं, तर वायर सुकली आहे किंवा मुडपली आहे. काटा चालतो पण आकडे थांबले, तर आतलं दातेरी चाक गेलं. दोन्ही मेले तर आधी वायर बघा, मग गरारी. नवं मीटर घ्यायची घाई करू नका. पुढे मोठ्या घेराचा टायर टाकला तर दोन्ही कमी दाखवू लागतात, आणि हे धोक्याचं. काही गाड्यांत सेन्सर गिअरबॉक्सवर असतो, तिथे पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, १४ दातांऐवजी १५ चं बसवलं की गाडी मीटरपेक्षा सात टक्के जास्त पळते. असं काम करून देताना मी गिऱ्हाइकाला हे सांगितल्याशिवाय किल्ली हातात देत नाही.

मोबाईलचंही तसंच उलटसुलट आहे. सरळ रस्त्यावर स्थिर वेगाला त्याचा वेग काट्यापेक्षा खरा. अंतर मात्र तो ठिकठिकाणचे बिंदू जोडून काढतो, त्यामुळे पुसदकडच्या वळणांवर कोपरे कापतो. तिथे अंतरासाठी मी गाडीच्या आकड्यांवरच विसंबतो.

काकांचे ६२ एक टक्का वजा करून ६१.४ झाले. मग मी त्यांना पेट्रोल कसं भरता ते विचारलं. एकदा साइड स्टँडवर, एकदा मेन स्टँडवर, कधी गळ्यापर्यंत, कधी नोझल बंद पडेपर्यंत. चार लिटरच्या हिशेबात २०० मिलिलिटर इकडेतिकडे झालं की पाच टक्के गेले, मीटरच्या चुकीच्या पाचपट. आता ते एकाच पंपावर, गाडी मेन स्टँडवर उभी करून, नोझल पहिल्यांदा बंद पडलं की थांबतात. तीन टाक्या झाल्यावर वही घेऊन येतो म्हणाले आहेत.