लिलाव रंगलाय, ताई, जरा थांबा

लासलगाव, पिंपळगावच्या बाजार समित्या जवळ असल्या की निफाड तालुक्यातल्या अंगणवाडीत भातुकलीबरोबर आणखी एक खेळ रंगतो, कांद्याच्या लिलावाचा. उपडा क्रेट म्हणजे ट्रॉली, बाटल्यांची झाकणं म्हणजे कांदे. व्यापारी झालेली पोरगी एक झाकण उचलते, नाक मुरडते आणि म्हणते, "माल ओला हाय. आठशे." मागून आवाज येतो, "नऊशे!" तिसरा "पाचशे!" म्हणतो, तेव्हा दोघी-तिघी त्याच्यावर तुटून पडतात, "आरं, खाली नसतं जायचं!"

या शेवटच्या वाक्यात बरंच गणित आहे. चार-पाच वर्षांच्या या मुलांना शंभरापर्यंत धड मोजता येत नाही. पण बोली चढतच जाते आणि पाचशे हे आठशेच्या खालचे, एवढं त्यांना आजोबांबरोबर ट्रॅक्टरवर बसून जाताना कळलेलं असतं. आता तो ट्रॅक्टरवाला झालेला मुलगा बघा. बोली पुकारायला त्याची जीभ शिवशिवते आहे, तरी तो खोटं स्टिअरिंग धरून गुमान बसलाय. कारण ज्याचा कांदा, तो बोली लावत नाही. एरवी हाच मुलगा दोन मिनिटं एका जागी टिकत नाही.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ साली एका व्याख्यानात हेच मांडलं होतं. बाहेरून मोकाट दिसणारा सोंगाचा खेळ आतून नियमांनी बांधलेला असतो आणि मूल ते नियम आपखुशीने पाळतं. मनाला आवर घालणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, डोक्यात एक गोष्ट धरून दुसरी करणं, ही कामं मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाची. तो भाग पूर्ण पिकायला विशी ओलांडावी लागते. त्याचा सराव मात्र इथे, क्रेटभोवती सुरू झालेला असतो. नाशिक जिल्ह्यातल्याच पेठ-सुरगाण्यात क्रेटऐवजी चिखल असेल आणि मुलं भाताची लावणी खेळत असतील, एवढाच फरक.

मग ताईंनी काय करायचं? पहिला मोह ठरलेला असतो. "सांगा बरं, आठशेनंतर किती येतात?" प्रश्न चांगल्या हेतूनेच येतो. मुलं हात बांधून, मान डोलावून उत्तर देतात आणि बाजार उठतो.

या मोहाची किंमत दाखवणारा एक सुंदर प्रयोग अमेरिकेत झाला. एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०११ साली प्रसिद्ध केला. नळ्यांच्या एका खेळण्यात चार गमती दडवल्या होत्या. एक नळी ओढली की चूं आवाज यायचा, एके ठिकाणी दिवा लागायचा, एके ठिकाणी सूर वाजायचे, एका नळीत आरसा होता. काही मुलांना बाईंनी शिकवण्याच्या सुरात सांगितलं, "हे खेळणं कसं चालतं ते दाखवते," आणि फक्त आवाज काढून दाखवला. दुसऱ्या काही मुलांसमोर तोच आवाज चुकून निघाल्याचं भासवलं. ज्यांना नीट शिकवलं, ती मुलं आवाजच काढत बसली, लवकर कंटाळली आणि बाकीच्या गमती त्यांना कमी सापडल्या. गंमत अशी, की बाई शिकवता शिकवता अर्ध्यात उठून गेल्या तेव्हा मुलांनी पुन्हा अधिक शोधाशोध केली.

यात मुलांचा मूर्खपणा काहीच नाही. जाणत्या माणसाने एवढंच दाखवलं, म्हणजे यात एवढंच असणार, हा त्यांचा तर्क बिनचूक आहे. म्हणून शिकवूच नये, असाही अर्थ कुणी काढू नये. अक्षराचा उच्चार, कात्री कशी धरायची, या गोष्टी सांगाव्याच लागतात. प्रश्न कधी सांगायचं याचा आहे, आणि ते कुठल्याच पुस्तिकेत छापता येत नाही. ते त्या मुलांकडे बघूनच ठरतं.

अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये वास्तुविशारद, मानसोपचारतज्ज्ञ अशा व्यावसायिकांच्या कामाचा अभ्यास मांडला. जाणती माणसं काम चालू असतानाही विचार करतात आणि काम संपल्यावरही, असं त्यांनी दाखवलं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात 'चिंतन' म्हणून जे शिकवतात, त्यामागे बराचसा हा विचार आहे. दुर्दैवाने त्याचा शेवट बहुतेक वेळा 'मुलांनी आनंदाने सहभाग घेतला' या वाक्यात होतो. हे वाक्य कुठल्याही दिवशी, कुठल्याही गावात खपतं, म्हणजेच ते काही सांगत नाही. त्यापेक्षा "खाली नसतं जायचं, असं एकजण म्हणाली. मी मध्ये बोलले आणि खेळ मोडला," या दोन ओळी लाखमोलाच्या. त्यातून उद्याचं काम निघतं. लिलावानंतर काटा होतो हे मुलांना ठाऊक असतं, तर उद्या कोपऱ्यात काही न बोलता एक तराजू ठेवून बघू.

प्रश्न विचारायचाच झाला, तर अमेरिकन शिक्षण-अभ्यासक मेरी बड रो यांचं १९७० च्या दशकातलं काम लक्षात ठेवावं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात, असं त्यांना आढळलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबली, आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद गप्प राहणं किती कठीण असतं, हे करून बघितल्याशिवाय पटत नाही.

आता ताईंच्या बाजूने. २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे नोंदींचं मोबाइल ॲप आलं. त्याआधीची रजिस्टरं होतीच. वजन-उंची, गरम आहार, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस, वर निवडणुकीची कामं. अशा ताईंना 'चिंतन करा' म्हणणं म्हणजे आणखी एक रकाना वाढवणं, आणि तो रकाना मी तरी मागणार नाही. दोन ओळींची साधी वही पुरे, आणि ती मदतनीस ताईंबरोबर बोलून लिहावी. खिचडी वाढताना, हात धुवायला नेताना मुलं काय बोलतात ते त्यांच्याच कानावर जास्त पडतं. बीट मीटिंगमध्ये, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या बैठकीत, पर्यवेक्षिकांनी आकड्यांचा आढावा झाल्यावर दहा मिनिटं काढून एवढंच विचारावं, "या महिन्यात कोणाचा कोणता खेळ बघितला? मध्ये बोललात का? मग काय झालं?"