खिशातली कोयती: वाकड्या पात्याच्या घडीच्या चाकूची पार्श्वभूमी

गोव्यात सत्तरी तालुक्यात नाहीतर सांग्याकडे कमरेच्या मागे कोयती लटकवून माणूस रस्त्याने चालला तर कोणी मान वर करून बघत नाही. बागायतीत चाललाय, एवढंच. पण पणजीत ऑफिसात एखाद्या पोराने खिशातून बोटभर लांबीचा, आत वळलेल्या पात्याचा घडीचा चाकू काढून पार्सलची टेप कापली की चार जण लगेच विचारतात, हे कशाला रे बाबा तुला? खरं तर दोन्ही पात्यांचा वळसा एकाच जातीचा, आणि त्यातली कोयती कितीतरी मोठी. ही भानगड समजून घ्यायची तर पात्याचा बाक आणि पात्याची घडी या दोन गोष्टी आधी सुट्या कराव्या लागतात. बाक आपल्याकडे पहिल्यापासून आहे, घडी बाहेरून आली, आणि भीती तर त्याच्याही बरीच नंतर.

बाकाचं आधी. गोव्यात शेताबागेत जे काही कापायचं असतं ते बहुतेक हिरवं, ओलं आणि उभं असतं. भाताचं रोप, केळीचा दांडा, मिरीची वेल, पोफळीचा घड, माडाची चुडतं. सरळ पात्याने हिरवी फांदी खेचून कापायला गेलात तर ती पात्यावरून टोकाकडे सरकते आणि निसटून जाते. पातं आत वळलेलं असलं की ती पोटात अडकते, आणि मग तुम्ही जेवढं आपल्याकडे खेचाल तेवढी धार आत घुसते. खाली फळी नको, दुसऱ्या हाताने धरायला नको. पोफळीवर चढलेल्या माणसाचा एक हात झाडालाच गुंतलेला असतो, त्याला दुसरा हात मिळणार कुठून? म्हणून विळा वाकडा, कोयती वाकडी. माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराची काती हे मात्र जरा वेगळं प्रकरण, तिला पोयीचा, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याचा, अगदी पातळ काप काढायचा असतो, त्यामुळे ती वस्तऱ्यासारखी धारदार ठेवावी लागते. बाणावलीच्या गोवा चित्र म्युझियममध्ये जुनी शेतीची अवजारं मांडून ठेवलीयत ती एकदा बघून या, वाकडी पाती किती कामांना वापरली जायची ते तिथे एका फेरीत कळतं.

ही सगळी पाती उघडी. कोयती न्यायची ती कमरेला बांधलेल्या आकडीत अडकवून, पाठीमागे, म्हणजे दोन्ही हात मोकळे. व्यवस्था झकास होती, त्यामुळे पातं दुमडून मुठीत बसवायची गरजच कोणाला पडली नाही. त्यात कासटी नेसणाऱ्या माणसाला खिसा कुठला? मला तर वाटतं घडीच्या चाकूचा खरा सोबती खिसाच, पँट आल्याशिवाय तो कामाचाच नव्हता. शिवाय गावचा लोहार भंगारातल्या गाडीच्या पाट्यापासून फर्स्टक्लास कोयता काढून देईल, पण चाकूच्या पाठीत बसणारी बारीक स्प्रिंग, जी हजारदा वाकली तरी मोडणार नाही आणि बसणारही नाही, ती बनवणं हा वेगळा धंदा आहे. आणि एवढं करून तो चाकू नारळ सोलायला निरुपयोगीच.

आता घडी. युरोपात ही फार जुनी. ऑस्ट्रियातल्या हालस्टाटला एक घडीचा चाकू सापडलाय, हाडाच्या मुठीचा, साधारण इसवी सनापूर्वी ६०० ते ५०० या काळातला. रोमन लोकांकडे तर असे चाकू बरेच होते. तेव्हा स्प्रिंग नव्हती, नुसती खीळ, तिच्या घर्षणावर पातं जागेवर राहायचं, ढिलं झालं की परत ठोकायचं.

बाकदार पातंही रोमन शेतकऱ्याकडे होतंच, द्राक्षाच्या छाटणीसाठी. पहिल्या शतकात शेतीवर लिहिणारा कोलुमेला म्हणून एक माणूस होता, आजच्या स्पेनमधल्या कादिसचा, त्याने या छाटणीच्या कोयतीचं असं बारीक वर्णन केलंय की वाचून आपल्या बागायतदाराने मान डोलवावी. मुठीजवळचा सरळ भाग वेगळा, आत वळलेलं पोट वेगळं, साफ करायची कड वेगळी, पुढची चोच वेगळी, पाठीवर छोटीशी कुऱ्हाड, आणि शेवटी टोक, आणि प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळं काम. खेचून कापायचं असेल तर पोट, गुळगुळीत करायचं तर कड, अडचणीच्या जागी घुसायचं तर टोक. एका अवजारात सहा कामं. आजकाल जे मल्टिटूल म्हणून विकतात त्याची कल्पना काही कालपरवाची नाही.

पुढे कधीतरी हे पोट लहान झालं, पाठीवरची कुऱ्हाड गळून पडली आणि उरलेलं पातं मुठीत दुमडलं गेलं. फ्रान्समध्ये माळ्यांच्या खिशात जो वाकडा घडीचा चाकू असायचा त्याला ते सेरपेत म्हणतात. आज आपण ज्याला हॉकबिल म्हणतो, म्हणजे ससाण्याच्या चोचीसारखं पातं, तो याच घराण्यातला. सतराव्या शतकात इंग्लंडात, मुख्यतः शेफिल्डच्या बाजूला, पाठीत स्प्रिंग घालायची पद्धत रुळली आणि चाकू उघडल्यावर थोडा घट्ट राहायला लागला. लॉक नव्हतं ते, नुसता दाब. पण वाकड्या पात्याला तेवढं पुरतं, कारण तुम्ही खेचून कापता तेव्हा जोर धारेवर येतो आणि पातं आणखी उघडायलाच बघतं. धोका उलटा असतो. त्याच चाकूने टोचायला गेलात किंवा पाठीने ठोकायला गेलात की पातं मिटतं आणि बोटांवर बसतं. हा चाकू कशासाठी जन्माला आला हे त्याच्या बांधणीतच दिसतं म्हणा ना.

फ्रान्समधल्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० साली आपला लाकडी मुठीचा साधा चाकू काढला, १८९७ मध्ये त्याच्या १ ते १२ नंबरच्या साइझ ठरल्या, आणि पातं अडवून धरणारी फिरती रिंग मात्र १९५५ मध्ये आली. म्हणजे तोपर्यंत शेतकरी ६५ वर्षं बिनलॉकचाच चाकू वापरत होते. त्यांच्याकडे छाटणीचं वाकडं मॉडेल आजही मिळतं. गोव्याशी ज्यांचा संबंध आला त्या पोर्तुगालमध्येही ईशान्य कोपऱ्यात पालासोलू नावाचं गाव खिशातल्या चाकूंसाठीच प्रसिद्ध आहे.

पण मजा अशी की ज्या माळ्यांनी हा चाकू घडवला त्यांनीच तो सोडला. फ्रान्सचा राजा सोळाव्या लुईच्या कारकिर्दीत नौदलमंत्री राहिलेला बेरत्राँ द मोलव्हील, क्रांतीत जीव वाचवून पळालेला, त्याने १८१५ च्या सुमारास छाटणीची कात्री काढली. तीच आपली सिकेटर. शिकायला सोपी, हात कापायची भीती कमी, त्यामुळे हळूहळू सेरपेत मागे पडली. आज फोंड्याच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, नवा गडी आला तर त्याच्या हातात सिकेटरच देतात. माझा एक काका मात्र अजून खिशात वाकडा चाकूच ठेवतो, म्हणतो सिकेटर देठ चेपते, चाकूचा काप स्वच्छ असतो. यात तथ्य आहे, बोथट सिकेटरने साल नक्कीच चेचली जाते. पण काकाला धार लावता येते, सगळ्यांना येत नाही, हाही मुद्दा आहेच.

इथे एक घोळ होतो तो मिटवून टाकतो. गोवा म्हटलं की आंब्याची कलमं आली, आणि कलमं म्हटली की कलम चाकू, त्यामुळे लोक धरून चालतात की वाकडा चाकू पोर्तुगीजांनी आंब्याच्या कलमासाठी आणला. तसं सांगायला काही आधार नाही. पोर्तुगीज काळात गोव्यात कलमांनी आंब्याच्या जाती टिकवल्या गेल्या हे खरं, हापूसच्या नावातला आफोंस म्हणजे १५१० मध्ये गोवा घेणारा आफोंसो द अल्बुकर्क, आणि सतराव्या-अठराव्या शतकात हिंदुस्थानात राहिलेल्या मनुची या इटालियन प्रवाशाने गोव्याच्या आंब्यांची नावं घेऊन तारीफ केलीय. पण कलमाच्या कामाला पातं लागतं सरळ आणि पातळ. दोन कापलेले भाग एकमेकांवर सपाट बसले पाहिजेत, मध्ये फट राहिली की कलम गेलं. जुनं भेट कलम घ्या किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाने रुळवलेलं कोय कलम घ्या, वाकडं पातं तिथे कामाचं नाही. वाकड्याचं काम त्याच्या आधी आणि नंतर, फांदी काढणं, फुटवे काढणं, बांधलेली पट्टी खालून अलगद सोडवणं. म्हणूनच युरोपातल्या माळ्यांच्या चाकूंमध्ये दोन वेगळे प्रकार दिसतात.

माळ्यांनी सोडलेला चाकू मेला नाही, त्याला दुसरे धनी मिळाले. १८६० च्या दशकात इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टनने लिनोलियम काढलं आणि ते जमिनीवर अंथरून कापायला चोचीचंच पातं बरं पडतं, टोक खाली ठेवून आपल्याकडे ओढत जायचं. मग इलेक्ट्रिशियन आले, केबलवरचं आवरण सोलायला, आतल्या तारेला न दुखवता. आणि मच्छीमार. सुती जाळी जाऊन नायलॉनची आली तसं हे पातं जास्तच उपयोगी ठरलं, कारण चोचीने जाळ्यातला नेमका एक धागा उचलता येतो, शेजारचे शाबूत राहतात. होडी हलत असताना सरळ टोकाचा चाकू उघडा धरण्यापेक्षा हे बरंच सुरक्षित.

मग १९८१ मध्ये अमेरिकेत कोलोराडोच्या स्पायडरको कंपनीने वर्कर नावाचा चाकू काढला. पात्याला गोल भोक, अंगठ्याने एका हाताने उघडायला, आणि मुठीला खिशाच्या काठावर अडकवायची क्लिप. ऐकायला किरकोळ वाटतं पण रोज खिशात चाकू बाळगायची आजची जी फॅशन आहे ती या क्लिपवरच उभी आहे. तळाशी चाव्यांबरोबर लोळणारा चाकू आता खिशाच्या काठावर हाताशी आला. म्हणजे फिरून फिरून आकडीच की! त्याच कंपनीने नंतर चोचीच्या पात्याची मॉडेल्सही काढली.

एवढ्यावर थांबलं असतं तर पणजीतल्या त्या पोराला कोणी हटकलं नसतं. पण मध्ये करंबिट आलं. हे मूळ सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांचं, वाघनखासारखं वळलेलं छोटं पातं, मुठीच्या शेवटी बोट घालायला कडी, आणि तेही मुळात शेतीचंच अवजार होतं असं मानतात. नंतर ते तिथल्या सिलाट या युद्धकलेत गेलं. अल्बुकर्कने गोव्यानंतर वर्षभरात, १५११ मध्ये सुमात्रासमोरचं मलाक्का घेतलं, आणि मग गोवा-मलाक्का जहाजं शतकभर ये-जा करत राहिली, तरी आपल्या पोरांना करंबिट माहीत झालं ते काउंटर स्ट्राइकमधून. २०१३ पासून त्या गेममध्ये ते रंगीबेरंगी मिळायला लागलं, आणि मग ऑनलाइन त्याच्या स्वस्त घडीच्या नकला आल्या. माझं मत विचाराल तर टेप कापायला किंवा दोरी कापायला करंबिट हा मूर्खपणा आहे, कडीमुळे खिशात मावत नाही, बाक इतका जास्त की सफरचंदसुद्धा नीट कापता येत नाही. हॉकबिल घ्या, आणि तोसुद्धा बाक कमी असलेला.

भीतीचा दुसरा झरा रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा तो लांब घडीचा चाकू हिंदी सिनेमातल्या गुंडाने कट्ट करून उघडला आणि त्या एका आवाजाने घडीच्या चाकूची सगळी अब्रू घालवली. कोयतीला असा सिनेमा मिळाला नाही, निदान तेव्हा तरी नाही. अलीकडे पुण्याच्या कोयता गँगच्या बातम्यांनी तीही कसर भरून काढली.

कायदा या सगळ्याकडे कसा बघतो ते थोडक्यात. १९५९ चा शस्त्र कायदा, जो मुक्तीनंतर गोव्यालाही लागू आहे, निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तूंना शस्त्र मानत नाही. २०१६ च्या नियमांत धारदार शस्त्रांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि तिथेही घरगुती, शेती, शास्त्रीय, औद्योगिक कामाची अवजारं वगळलीयत. तीन इंचांचा छाटणीचा चाकू या मापांच्या कितीतरी खाली. पण म्हणून कुठेही न्यावा असं नाही. जिल्हाधिकारी जमावबंदीचा आदेश काढतात, पूर्वी १४४ कलमाखाली, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ कलमाखाली, त्यात शस्त्रं बाळगायला मनाई असली की पोलिसाशी व्याख्येवर वाद घालायची ती वेळ नव्हे. दाबोळी किंवा मोपा विमानतळावर हँडबॅगेत सापडला तर गेलाच समजा, चेक-इन बॅगेत टाका. आणि बटण दाबून उघडणारा घेऊच नका, त्याने शेतीचं कुठलंच काम जास्त चांगलं होत नाही आणि संशय मात्र फुकटचा.

राहिला गंज. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये स्टेनलेस स्टील काढलं तरी जुने बागायतदार काळ्या पोलादाचाच चाकू मागतात, कारण त्याला धार पटकन लागते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जुलैत टेबलावर ठेवलेला चाकू दोन दिवसांत लाल होतो, केळीचा नाहीतर काजूचा रस लागला तर रातोरात. पुसून खोबरेल लावायचं, खिळीच्या सांध्यातसुद्धा एक थेंब. धार लावायला गोल दगड किंवा काठीला गुंडाळलेला पॉलिश पेपर घ्या आणि आतून वळशाबरोबर फिरवा. सपाट दगडावर घासत बसलात तर पोटाला धार लागतच नाही, आधी चोच झिजते, आणि चोच गेली की केबलवाल्याला आणि मच्छीमाराला तो चाकू विकत घ्यायचं कारणच उरत नाही.