टर्बो इंजिनाच्या छोट्या विमानात इंजिन मॉनिटर: पात्रता, कागदपत्रं आणि फॉर्म ३३७

इंजिन मॉनिटर म्हणजे इंजिनाची तापमानं, दाब आणि इंधन एकाच स्क्रीनवर दाखवणारं उपकरण. ही माहिती अमेरिकेत नोंदलेल्या, म्हणजे एन-नंबर असलेल्या, टाइप-सर्टिफाइड (मॉडेलला सरकारी मंजुरी असलेल्या) छोट्या टर्बो विमानांसाठी आहे. नियम एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाचे. एक्सपेरिमेंटल (उदा. घरी बांधलेल्या) विमानांना यातला एसटीसीचा (मंजूर विमानात बदल करण्याचं प्रमाणपत्र) आणि फॉर्म ३३७ चा (मोठ्या बदलाची नोंद) भाग लागू नाही. प्रोब, म्हणजे तापमानाचे सेन्सर, बसवण्याचा भाग मात्र तसाच लागू आहे.

आधी ठरवा: प्रायमरी की ॲडव्हायझरी

कंपनी कोणती, स्क्रीन केवढी, हे नंतर बघा. मॉनिटर जुन्या गेजच्या जागी बसणार (प्रायमरी) की त्यांच्या जोडीला (ॲडव्हायझरी), यावर खर्च, कागदपत्रं आणि पॅनेलचं काम ठरतं.

ॲडव्हायझरी मॉनिटर (उदा. जेपीआयचा ईडीएम-८३०) बसवला तर कारखान्यातून आलेलं एकही आवश्यक गेज काढता येत नाही. प्रायमरी म्हणून मंजूर असलेला (उदा. ईडीएम-९०० किंवा सीजीआर-३०पी) घेतला तर मंजुरीत ज्या-ज्या मोजमापांची नावं आहेत, तेवढीच जुनी गेज काढता येतात.

आवश्यक गेज कोणती हे नियम ९१.२०५ वाचून पूर्ण कळत नाही. त्यात टॅकोमीटर, ऑइल प्रेशर, ऑइल टेंपरेचर, इंधनाची पातळी आणि अल्टिट्यूड इंजिन (ठरावीक उंचीपर्यंत शक्ती टिकवणारं) असेल तर मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) आहे. टर्बाइन इनलेट टेंपरेचर (टर्बोत शिरणाऱ्या एक्झॉस्ट वायूचं तापमान), म्हणजे टीआयटी, त्या यादीत नाही. त्याची सक्ती त्या मॉडेलच्या टाइप सर्टिफिकेटमधून, फ्लाइट मॅन्युअलमधून किंवा इक्विपमेंट लिस्टमधून येते. नेमकं इथेच चुकतं: नव्या ॲडव्हायझरी स्क्रीनवर टीआयटी छान दिसतो म्हणून जुनं गेज काढलं जातं, आणि पुढच्या ॲन्युअलला (वार्षिक तपासणीला) विमान एअरवर्दी, म्हणजे उडण्यायोग्य, नाही असा शेरा मिळतो.

जुनं टीआयटी किंवा इंधनाचं गेज थकलेलं असेल तर सरळ प्रायमरी घ्यावा. जुनी गेज नीट चालत असतील आणि प्रत्येक सिलिंडरचं तापमान व डेटा एवढंच हवं असेल, तर ॲडव्हायझरी पुरतो.

पात्रता

विमानाचं मॉडेल मॉनिटरच्या एसटीसीच्या मंजूर मॉडेल यादीत असलं पाहिजे. नाव जवळपास जुळणं पुरेसं नाही. डेटा प्लेटवर लिहिलेलं मॉडेल अक्षरशः यादीत सापडलं पाहिजे. नसेल तर फील्ड अप्रूव्हलचा (त्या एका विमानापुरत्या एफएएच्या मंजुरीचा) मार्ग आहे, पण त्यासाठी काम सुरू करण्याआधी एफएएच्या स्थानिक कार्यालयातल्या इन्स्पेक्टरशी बोला. कापाकापी झाल्यावर गेलात तर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

टर्बो विमानांत दुसरी अट जास्त महत्त्वाची. आधी केलेल्या बदलांशी नवा बदल जुळतो का, हे ठरवण्याची जबाबदारी एसटीसी बसवणाऱ्यावर टाकतो. अशा विमानांवर नंतर बसवलेला इंटरकूलर किंवा ऑटोमॅटिक वेस्टगेट (टर्बोचा दाब आपोआप आवरणारी झडप) सर्रास असतो. इंटरकूलरमुळे हवा थंड, म्हणजे दाट होते, म्हणून तेवढीच शक्ती कमी मॅनिफोल्ड प्रेशरवर मिळते. इंटरकूलरच्या फ्लाइट मॅन्युअल सप्लिमेंटमध्ये (पुरवणीत) मर्यादा बदललेली असू शकते. प्रायमरी मॉनिटरच्या लाल रेषा कारखान्याच्या मूळ मॅन्युअलवरून भरल्या आणि सप्लिमेंट पाठवायचं राहिलं, तर स्क्रीनवर चुकीची मर्यादा हिरव्या रंगात दिसते.

काम ए अँड पी (इंजिन आणि सांगाड्याचा परवाना असलेला) मेकॅनिक करू शकतो, आणि त्याच्या देखरेखीखाली मालकही हात लावू शकतो. पण हे मेजर अल्टरेशन (मोठा बदल) असल्याने सेवेत परत आणण्याची सही आयए (तपासणीचा अधिकार) असलेल्या मेकॅनिकची किंवा योग्य रेटिंग असलेल्या रिपेअर स्टेशनची लागते.

लागणारी कागदपत्रं

- एसटीसी, मॉडेल यादी आणि इन्स्टॉलेशन मॅन्युअल, चालू रिव्हिजनसह
- एसटीसीधारकाची लेखी परवानगी. नियम ९१.४०३(डी) नुसार ती नसताना एसटीसीच्या आधारे बदल करता येत नाही. किटबरोबर येते, पण डबा फेकण्याआधी शोधून ठेवा
- फ्लाइट मॅन्युअल सप्लिमेंट आणि देखभालीच्या सूचना, म्हणजे आयसीए
- सध्याचं वेट अँड बॅलन्स आणि इक्विपमेंट लिस्ट
- आधीचे सगळे फॉर्म ३३७. लॉगबुकमध्ये सापडले नाहीत तर ओक्लाहोमा सिटीच्या रजिस्ट्री शाखेकडून विमानाची फाइल मागवता येते
- प्रायमरी मागवताना इंजिन मॉडेल, टाकीची क्षमता आणि मॅन्युअलमधली मर्यादांची पानं, सप्लिमेंटसकट

बसवताना

प्रोबमधले थर्मोकपल (तापमान मोजणारे तारांचे जोड) के-प्रकारचे असतात: पिवळी तार धन, लाल तार ऋण. लाल म्हणजे धन ही सवय इथे उलटी पडते. जोड उलटा झाला तर इंजिन तापताना आकडा खाली जातो. तार तोकडी पडली म्हणून मध्ये तांब्याची तार जोडू नका. त्या जोडावर नवं जंक्शन तयार होतं आणि काउलिंगमधल्या (इंजिनाच्या आवरणातल्या) उष्णतेनुसार आकडा हलत राहतो.

ईजीटीचे (एक्झॉस्ट वायूच्या तापमानाचे) प्रोब एक्झॉस्ट फ्लँजपासून साधारण २ ते ४ इंचांवर, सगळ्या सिलिंडरवर सारख्याच अंतरावर बसवा. भोक पाडण्याआधी प्रोब धरून बघा: रेंच फिरेल का, काउलिंगला किंवा प्लगच्या वायरीला लागेल का, स्लिप जॉइंटवर तर येत नाही ना. एक्झॉस्ट उघडलेलाच आहे तर टर्बोजवळचे व्ही-बँड कपलिंगही तपासून घ्या. एडी (एफएएचा सक्तीचा सुरक्षा आदेश) २०२३-०९-०९ खाली स्पॉट-वेल्डेड, अनेक तुकड्यांच्या कपलिंगना ५०० तासांची आयुर्मर्यादा आहे.

सीएचटीच्या (सिलिंडर हेडच्या तापमानाच्या) बाबतीत एका सिलिंडरची विहीर, म्हणजे प्रोबचं भोक, कारखान्याच्या प्रोबने अडवलेली असते. ॲडव्हायझरी बसवताना तो काढता येत नाही, म्हणून तिथे पिगीबॅक ॲडॉप्टर (जुन्या प्रोबच्या जोडीने बसणारा) किंवा स्पार्क प्लगखालचा गॅस्केट प्रोब लावतात. गॅस्केट प्रोब वेगळं तापमान दाखवतो. त्या सिलिंडरचा आकडा इतरांशी थेट ताडू नका, नाहीतर बॅफलमध्ये (थंड हवा वळवणाऱ्या पत्र्यांत) नसलेला दोष शोधत बसाल.

सिलिंडरचे क्रमांक लावताना थांबून खात्री करा. लायकमिंगमध्ये १ नंबर पुढचा उजवा, कॉन्टिनेंटलमध्ये मागचा उजवा. वायरी उलट क्रमाने गेल्या तर मॉनिटर सगळं नीट दाखवतो आणि काही महिन्यांनी चांगला सिलिंडर उतरवला जातो. पडताळणी सोपी आहे: थंड इंजिनात एकेक सीएचटी प्रोब बाहेर काढून हीट गनने गरम करा आणि कोणता बार हलतो ते पाहा.

टीआयटीचा प्रोब सर्वांत जास्त भाजतो आणि सर्वांत आधी जातो. अनेक इंजिनांत लाल रेषा १६५० अंश फॅरनहाइटला असते, काहींत १७५० ला. आपल्या मॅन्युअलचा आकडाच धरा. प्रोब जुना होत जातो तसा बहुधा आकडा कमी दाखवू लागतो, आणि ही चूक धोक्याच्या बाजूची आहे. सुटा प्रोब सुरुवातीलाच मागवून ठेवा.

फ्युएल फ्लो ट्रान्सड्यूसर (इंधनाचा प्रवाह मोजणारा सेन्सर) कुठे बसवायचा हे एसटीसीच्या ड्रॉइंगप्रमाणेच. कॉन्टिनेंटलच्या इंजेक्शनमध्ये पंपाकडून जादा इंधन टाकीकडे परत जातं, म्हणून तो मीटरिंग युनिट आणि फ्लो डिव्हायडर यांच्या मध्ये येतो. परतीच्या फाट्याआधी बसवला तर न जळलेलं इंधनही मोजलं जातं. होजवर फायर स्लीव्ह हवीच, आणि ट्रान्सड्यूसरच्या लगेच आधी-नंतर तीव्र वळण नको.

आणखी एक टर्बोचीच गोष्ट: अनेक विमानांतलं कारखान्याचं फ्युएल फ्लो गेज मुळात दाबाचं गेज असतं आणि ते अपर डेक प्रेशरच्या (टर्बोने दाबलेल्या हवेच्या दाबाच्या) तुलनेत वाचतं. त्याची जागा प्रायमरी मॉनिटर घेत असेल तर डिफरन्शियल सेन्सर लागतो का, हे मागवतानाच विचारा. कॉम्प्रेसरनंतरचं आणि इंटरकूलरनंतरचं हवेचं तापमान मोजणारे दोन जादा प्रोब मिळत असतील तर घ्या. त्या दोघांतला फरक हळूहळू घटत गेला की इंटरकूलर किंवा त्याची हवेची वाट तपासायची वेळ आली.

फॉर्म ३३७ आणि सेवेत परत

रकाना १ मध्ये विमान, २ मध्ये मालक, दोन्ही रजिस्ट्रेशनवर जसं आहे तसंच. रकाना ३ एफएएचा. फील्ड अप्रूव्हल नसेल तर कोरा. ६ मध्ये काम करणाऱ्याची आणि ७ मध्ये आयएची सही. ८ मध्ये एसटीसी क्रमांक, मॅन्युअलची रिव्हिजन, काढलेली गेज, प्रोबच्या जागा, वेट अँड बॅलन्स सुधारल्याची नोंद आणि आयसीएचा उल्लेख. नुसतं 'मॉनिटर बसवला' असं लिहू नका.

फॉर्मच्या किमान दोन प्रती. एक मालकाला, दुसरी विमान सेवेत परत आल्यापासून ४८ तासांत ओक्लाहोमा सिटीला. ती पाठवणं हे मंजुरी देणाऱ्याचं काम आहे, पण पोचली का ते मालकाने विचारावं. लॉगबुकची नोंद नियम ४३.९ प्रमाणे वेगळी, आणि फ्लाइट मॅन्युअल सप्लिमेंट विमानातच राहतं. मालकाची प्रत विमान विकताना नव्या मालकाकडे जाते.

पहिल्या काही टाक्यांनंतर के-फॅक्टर (ट्रान्सड्यूसरचे दर गॅलनमागे पल्स) सुधारा: नवा के-फॅक्टर म्हणजे जुना, गुणिले मॉनिटरने दाखवलेलं इंधन, भागिले पंपावर प्रत्यक्ष भरलेलं. मॉनिटरने ५२ गॅलन दाखवले, भरले ५०, आणि जुना आकडा २९,००० असेल तर नवा ३०,१६०. एकाच टाकीवरून सुधारू नका; विमान दर वेळी त्याच सपाट जागी, त्याच पातळीपर्यंत भरा आणि तीन-चार टाक्यांची बेरीज धरा. तोवर इंधनाचा हिशेब घड्याळ आणि डिपस्टिकवरच ठेवा.