जिबरेलिन

जिबरेलिन : वनस्पतींच्या वाढीचे नियंत्रण करणाऱ्या संप्रेरकांचा एक गट. एका भागातील पेशींत ती तयार होतात आणि इतर भागांतील पेशींना लांबण्याचा व विभाजनाचा संदेश देतात. १३० हून अधिक जिबरेलिने ज्ञात असली, तरी प्रत्यक्ष क्रियाशील मोजकीच. बाजारातले ‘जीए’ (जिबरेलिक आम्ल) म्हणजे जीए-३ हे त्यांपैकी एक जिबरेलिन; ते बुरशीच्या किण्वनातून मिळवतात.

शोधाचे श्रेय कोणाला द्यावे याबद्दल मतभेद आहेत. भाताची रोपे अवास्तव उंच करणाऱ्या रोगाचा बुरशीशी असलेला संबंध शोतारो होरी यांनी १८९८ च्या सुमारास दाखवला होता. केंकिची सावादा यांनी १९१२ मध्ये बुरशीच्या तंतूंतून काही उत्तेजन मिळत असावे असे सुचवले. पण ते अनुमानच होते. तैवानमध्ये एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये बुरशी गाळून काढलेल्या द्रवानेही रोपे तशीच वाढतात हे दाखवले; म्हणून शोध त्यांच्याच नावे धरणे रास्त ठरते. तेइजिरो याबुता यांनी १९३५ मध्ये त्या द्रवातील क्रियाशील द्रव्याचे ‘जिबरेलिन’ असे नामकरण केले. १९३८ मध्ये मिळवलेले त्याचे स्फटिक बहुधा मिश्रणच होते. हे द्रव्य वनस्पती स्वतःही बनवतात, हे १९५८ मध्ये घेवड्याच्या बियांवरून निश्चित झाले.

जिबरेलिनचा संदेश ओळखणारे ग्राही प्रथिन (जीआयडी-१) २००५ मध्ये भातात सापडले. जिबरेलिन त्याला चिकटले की वाढ रोखून धरणारी डेला प्रथिने नष्ट होतात. म्हणजे संदेश वाढ सुरू करत नाही, अटकाव काढतो.

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी भागांतील द्राक्षबागांत जीएचा वापर सर्रास आहे. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षजातीत बी कोवळेपणीच खुंटते, त्यामुळे बियांकडून येणारा संदेश अपुरा पडतो व मणी लहान राहतात. ती उणीव डिपिंगने, म्हणजे घड द्रावणात बुडवून, भरून काढतात. भुकटी पाण्यात नीट विरघळत नसल्याने आधी अल्कोहोल किंवा अॅसिटोनमध्ये विरघळवतात.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (वेलीच्या काड्या आखूड कापल्यानंतर) मात्र हेच संप्रेरक नकोसे असते. काडीवरील डोळ्यातील आद्यकाचा (अवयवाच्या अगदी सुरुवातीच्या अंकुराचा) घड व्हावा की बाळी (वेलीचा तणावा), हे तेव्हा ठरते : सायटोकायनिन हे दुसरे संप्रेरक वरचढ असेल तर घड, जिबरेलिन असेल तर बाळी. यासाठी जिबरेलिनची निर्मिती रोखणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड (सीसीसी) फवारले जाई. त्याचे अंश आढळल्याने २०१० मध्ये भारतीय द्राक्षांची युरोपातील निर्यात अडचणीत आली.