अर्थिंगमध्ये मीठ टाकून सिग्नल जनरेटरची गुरगुर जात नाही

सोलापुरात घरी बनवलेल्या सिग्नल जनरेटरची (चाचणीसाठी ठरावीक विद्युत लहरी देणारं यंत्र) साइन वेव्ह, म्हणजे गुळगुळीत लहर, थरथरली, म्हणजेच गुरगुर आली, की सल्ला ठरलेला: "शेजारी यंत्रमाग आहेत, अर्थिंग कमजोर आहे, खड्ड्यात मीठ-कोळसा टाका." अर्थिंग हवंच, पण शॉकपासून जीव वाचवायला. वेव्ह स्वच्छ करणं हे त्याचं काम नाही.

आधी स्कोपवर (लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) ती थरथर मोजा. २० मिलिसेकंदांनी परत येत असेल तर ५० हर्ट्झ: ट्रान्सफॉर्मर फार जवळ, सिग्नलची वायर शील्डशिवाय (संरक्षक जाळीविना), नाहीतर ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंड एकापेक्षा जास्त वाटांनी जोडून झालेलं वेटोळं. १० मिलिसेकंदांनी येत असेल तर १०० हर्ट्झचा रिपल, म्हणजे डीसी सप्लायवर उरलेला चढउतार. म्हणजे ब्रिज रेक्टिफायरनंतरचा (एसीचं डीसी करणारा भाग) फिल्टर कपॅसिटर सुकलाय, किंवा ७८१२ रेग्युलेटरला (स्थिर १२ व्होल्ट देणारी चिप) इनपुट कमी पडतंय. त्याला साधारण १४.५ व्होल्ट लागतात, तेही रिपलच्या तळाशी. मेन्सचा व्होल्टेज उतरला की गाडं नेमकं इथं अडतं आणि खापर मागांवर फुटतं.

जनरेटर एक्सआर२२०६ या लहरी तयार करणाऱ्या चिपवर असेल तर ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून चालवून बघा. गुरगुर गेली तर दोष सप्लायचा किंवा लूपचा. राहिली तर आतल्या वायरिंगचा.

माग अगदीच निर्दोष नाहीत म्हणा. मोटर स्टार्टरच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी उडते, पण तिचे काटे (लहरीवरच्या क्षणिक टोकदार उसळ्या) अधूनमधून दिसतात, एकसारखी गुरगुर नव्हे. त्यावर चिपच्या सप्लाय पिनलगत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. ग्राउंडच्या सगळ्या वायरी एकाच बिंदूवर आणा. आणि लूप तोडायचा म्हणून प्लगची अर्थ पिन मात्र कधीच काढू नका.