‘माणसाचं लक्ष फक्त ८ सेकंद’ : ही थाप आली कुठून?

बिझनेससाठी छोटे व्हिडिओ सुरू करायचे म्हटलं की कोणीतरी हमखास सांगतं, माणसाचं लक्ष आता ८ सेकंदच टिकतं, गोल्डफिशचं ९, म्हणून सगळं ८ सेकंदात उरका. याला काही आधार नाही. हा आकडा गाजला २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या एका रिपोर्टमुळे, पण तो त्यांनी मोजलेला नव्हताच, स्टॅटिस्टिक ब्रेन नावाच्या वेबसाइटवरून उचललेला, आणि २०१७ ला बीबीसीने मूळ शोधायला घेतलं तर मागे धड रिसर्चच सापडेना. (मासा बिचारा उगाच बदनाम, त्याला महिनोन्महिने आठवतं.) यूट्यूबनेच ऑक्टोबर २०२४ मध्ये शॉर्ट्सची मर्यादा १ मिनिटावरून ३ मिनिटं केली की!

सुरुवात मात्र महत्त्वाची. आधी लोगो फिरतोय, मग म्युझिक, मग ‘नमस्कार मित्रांनो’, इथेच लोक पुढे सरकवतात. बॅगा रिपेअर करत असाल तर तुटलेली चेन दाखवूनच सुरू करा, आणि नवी बसवायला ४० सेकंद लागत असतील तर लागू द्या. नंतर यूट्यूबच्या आकडेवारीत रिटेन्शनचा ग्राफ (किती लोक कुठपर्यंत बघत राहिले त्याचा) उघडा, लोक नेमके कुठे सटकतात ते दिसतं, पुढच्या वेळी तेवढंच कापा.